सोलापूरची संक्रांत: पाक, पंचांग आणि काठ्या, नेमकं कुठं फसतं

पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना संक्रांत एका दिवसाची वाटते. सकाळी तीळगूळ, संध्याकाळी हळदीकुंकू, झालं. सोलापुरात त्या आठवड्यात लग्न असतं आणि अख्खं गाव वऱ्हाडी असतं. त्यामुळं चुकाही लग्नघरातल्याच होतात. कुणी तारखेत घोळ घालतं, कुणी चुलीपाशी घाई करतं, कुणी ऐकीव गोष्टींवरून जीव टांगणीला लावतं. या घरात माझ्या वीसेक संक्रांती झाल्या. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसले आहे.

लग्न कुणाचं, ते आधी सांगते, कारण पहिली गफलत तिथंच होते. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, आलेले पुष्कळ जण सिद्धेश्वराचं दर्शन घेतात ते शंकराचंच एक नाव समजून. पण हे सिद्धेश्वर म्हणजे सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांचे समकालीन. त्यांनी कन्नडमध्ये वचनं रचली, तळं खोदवलं आणि सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापन केली. आख्यायिका अशी की एका कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशीच लग्न करायचं म्हणून हट्ट धरला. योगी संसारात कसे पडणार? शेवटी तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. तेच लग्न दर वर्षी लागतं. सात नंदीध्वज मिरवत येतात. आम्ही त्यांना नुसतं ‘काठ्या’ म्हणतो.

तारीख

‘संक्रांत १४ जानेवारीलाच असते’ हे डोक्यातून काढा. सूर्य मकर राशीत शिरतो ती संक्रांत. तो क्षण संध्याकाळी उशिरा किंवा रात्री आला की सण दुसऱ्या दिवशी धरतात, म्हणून २०२४ ला ती १५ तारखेला होती आणि २०२५ ला १४ तारखेला. शिवाय ही तारीख साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढं सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. याच हिशोबानं १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते. ‘ऐन संक्रांतीला पानिपत’ हे वाक्य भाषणात शोभतं, पंचांगात बसत नाही.

उत्तरायणाचंही तसंच. दिवस मोठा व्हायला २१-२२ डिसेंबरनंतरच लागतो. शाळेत मुलांनी ‘संक्रांतीपासून दिवस मोठा होतो’ असं लिहिलं की बाई बरोबरची खूण करतात, तेव्हा मला राहवत नाही.

यात्रेचा क्रम वेगळा लक्षात ठेवा. आधी ६८ लिंगांना तैलाभिषेक, म्हणजे यण्णीमज्जन, दुसऱ्या दिवशी अक्षता, म्हणजे प्रत्यक्ष लग्न, मग होमप्रदीपन, शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळ्ळी, म्हणजे नंदीध्वजांचं वस्त्रविसर्जन. सुट्टी बघून तिकीट काढणारे पाहुणे नेमके अक्षतांना मुकतात. तारीख देवस्थानच्या पत्रिकेवरून घ्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून नको.

फिरणारे मेसेज

पंचांगात संक्रांतीचं वाहन, वस्त्र, हातातलं शस्त्र असं वर्णन असतं. त्यावरून दर वर्षी मोबाईलवर काहीतरी सुटतं. अमुक रंगाची साडी नेसू नका, एकच मुलगा असलेल्या बाईनं अमुक बांगड्या भराव्यात. एका वर्षी आमच्या बोळातल्या चार जणी ऐन भोगीदिवशी ठरावीक रंगाच्या बांगड्या शोधत दुकानं पालथी घालत होत्या आणि घरी भाजी कच्ची. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘आमच्या वेळी संक्रांत मोबाईलवरनं येत नव्हती बाई.’’ एरवी अशुभ मानतो तो काळा रंग या दिवशी आपण हौसेनं नेसतो, कारण थंडीत तो ऊब धरतो. तेवढं सांभाळलं की पुरे.

तिळाचे लाडू

सगळ्यात जास्त नासधूस इथं होते. माझे पहिल्या वर्षीचे लाडू आठवतात. पाक चढला होता, आणि मी फोनवर बहिणीशी बोलत झारा फिरवत होते. सासूबाई मागून आल्या. ‘‘काय करलालीस ग? पाक कुणाची वाट बघत न्हाय.’’ तोवर कढईत दगड झाला होता. दीर ते लाडू पेपरवेट म्हणून दुकानात घेऊन गेले.

तीळ मंद आचेवर भाजा. चटचटायला लागले, जरा फुगले आणि दोन बोटांत चुरडले गेले की लगेच परातीत काढा, कारण गरम कढईत ठेवले तरी ते भाजतच राहतात. करपलेल्या तिळाला उपाय नाही, वेलदोडा कितीही घाला, कडवटपणा जात नाही. गूळ चिक्कीचाच हवा. अर्धा किलो तिळाला अर्धा किलो गूळ, पाव किलो दाण्याचा कूट आणि दोन चमचे तूप हा आमच्या घरचा हिशोब.

पाक वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून बघा. थेंब विरघळला तर कच्चा. बोटांनी गोळा करता आला, मऊ गोळी झाली, की गॅस बंद. वाटीच्या तळाला टण्‌ वाजला तर तो वड्यांचा पाक, मग लाडवांचा नाद सोडा आणि तूप लावलेल्या पाटावर लाटून वड्या पाडा. त्यात कमीपणा काही नाही.

लाडू वळताना मिश्रण आळलं तर पाणी ओतू नका. कढई गरम तव्यावर ठेवा, मिनिटात सैल होतं. लाडू वळतच नसतील, भुगा होत असेल, तर पाक कच्चा राहिलाय किंवा साधा गूळ आलाय. पाक कच्चा असेल तर मिश्रण पुन्हा दोन-तीन मिनिटं आचेवर धरा. आणि एकटीनं अर्धा किलोचा घाणा घालू नका. ते काम चार हातांचं आहे.

गुळाच्या पोळीला याच्या नेमकं उलट. तिथं चिक्कीचा गूळ घातला की पोळी गार झाल्यावर पापडासारखी मोडते. साधा मऊ गूळ किसून घ्या आणि मळून मळून गुठळी मोडा, कारण लाटताना पोळी फाटते ती त्या एका गुठळीपाशी. बेसन तेलावर खमंग भाजा, तिळाचा कूट घाला. कणीक गरम तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवा. सारण आणि कणीक हाताला सारखीच मऊ लागली पाहिजेत. सारण घट्ट असेल तर ते मधेच बसतं आणि कडा कोऱ्या राहतात, मग पोरं मधलं खाऊन कडा ताटात ठेवतात. तव्यावर पोळी फुटलीच तर सांडलेला गूळ तिथल्या तिथं ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर पुढची पोळी काळी आणि कडू. पोळ्या गरम असताना एकावर एक रचू नका.

शेंगापोळी ही आपल्या सोलापूरची खरी ओळख. तिच्यात चूक एकच होते, मिक्सर सलग फिरवायची. दाण्याला तेल सुटतं, सारणाचा लगदा होतो. थांबून थांबून फिरवा.

भोगी

‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणत सगळे भाजी करतात, पण तिची आमटी करून ठेवतात. घेवडा, पावटा, वांगं, गाजर, सोलाणे, बोरं यांना स्वतःचं पाणी सुटतं. वाफेवर शिजू द्या, तिळाचा कूट शेवटी. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतानाच दाबून बसवा. तव्यावर टाकल्यावर भुरभुरलेले गळतात आणि जळतात.

हळदीकुंकू आणि बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येतं, त्यामुळं एकाच आठवड्यात धाप लागेपर्यंत धावू नका. बोरन्हाणात मात्र लक्ष ठेवा. उसाचे करवे आणि टणक बोरं बाळाच्या डोक्यावर ओतू नका, चुरमुरे जास्त घ्या. दाणे आणि हलवा खालून उचलून तोंडात जाणार नाही, हे बघायला एक माणूस फक्त त्याच कामाला ठेवा.

अक्षता आणि गड्डा

काठ्या उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून निघतात आणि जिथं अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याकडं येतात. पाहुणे हमखास थेट कट्ट्यावर ऐन वेळी पोचायला बघतात. तेव्हा पाय ठेवायलाही जागा नसते. मी म्हणते, मिरवणुकीच्या वाटेवर कुठंतरी आधीच ओटा धरा. काठी पेलणारा पांढऱ्या बाराबंदीत असतो, एवढा उंच नंदीध्वज कमरेशी तोलून चालतो, आणि त्याची नजर वर असते. समोर मोबाईल धरून उलटं चालणारा त्याला दिसत नाही. बाजूला राहा.

कट्ट्यावर संमतीचं वाचन होतं. तिथं मंगलाष्टकं शोधू नका. ‘दिड्डम’, ‘सत्यम’ कानावर पडलं की अक्षता टाका. मूठभर पुरतात, पिशवी भरून आणायची गरज नाही. दुरून भिरकावू नका, पुढच्याच्या डोळ्यात जातात.

होमाच्या रात्री बाहेरगावचे लोक होम पेटला की निघून जातात. भाकणूक त्यानंतर असते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासराच्या वागण्यावरून पाऊसपाण्याचे आणि बाजाराचे अंदाज सांगतात. विश्वास ठेवा न ठेवा, आसपासचे शेतकरी काय ऐकतात ते बघण्यासारखं असतं.

होम मैदानावर पाळण्यांपाशी लहान मुलांना मोबाईल नंबर पाठ असेल या भरवशावर सोडू नका. आमचा धाकटा सहा वर्षांचा असताना हरवला होता. माईकवाल्यानं त्याला आईचं नाव विचारलं तर तो ‘आई’ म्हणाला, आणि गावाचं नाव विचारलं तर ‘घर’. तासभर तेच ऐकू येत होतं: ‘निळा स्वेटर, हातात फुगा, आईचं नाव आई.’ तेव्हापासून त्याच्या खिशात चिठ्ठी असते. आता तो अकरावीत आहे, तरी मी चिठ्ठी घालते, आणि तो बाहेर पडल्यावर ती फेकून देतो.