म्‌गॉय की तॉचे? कँटोनीजमध्ये आभार मानताना या चुका टाळा

हाँगकाँगला नवीन आलेला माणूस ‘पाच मिनिटांत कँटोनीज’वाला एक व्हिडिओ बघतो, थँक्यूसाठी एकच शब्द पाठ करतो आणि सगळीकडे तोच वापरत सुटतो. पण रोजच्या आभाराचे शब्द इथे दोन आहेत. कोणी आपलं काम केलं, लिफ्टचं दार धरलं, टेबलावर चहा आणून ठेवला की म्‌गॉय. कोणी भेट दिली, जेवू घातलं, कौतुक केलं की तॉचे (च ‘चमचा’तला).

माझ्या पहिल्या चिनी नववर्षाला ऑफिसातल्या एका सीनियर बाईंनी पैसे घातलेलं लाल पाकीट, म्हणजे लायसी, दोन्ही हातांनी पुढे केलं, लग्न झालेल्यांनी बिनलग्नाच्यांना द्यायची इथे रीत आहे, आणि मी घाईत एका हाताने घेऊन म्हणालो, म्‌गॉय! जणू त्यांनी फाईल आणून दिली होती. त्या काही बोलल्या नाहीत पण चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यावरच थांबलं, ते अजून आठवतं. शेजारच्याने सांगितल्यावर परत जाऊन तॉचे म्हणालो तेव्हा कुठे त्या मोकळं हसल्या. आता पाकीट दिसलं की आधी दोन्ही हात पुढे करतो, मग तॉचे आपोआप येतं.

दुसरी चूक उच्चाराची. आपण ‘मगॉय’ म्हणतो, तिथे अ नाहीच. ओठ मिटून नाकातून नुसता म्, तोही खालच्या सुरात, आणि मग गॉय वरच्या सुरात सपाट. सूर नंतर बघू म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, एकदा चुकीचा बसला की काढताना जीव जातो. म् म्हणजे न, गॉय म्हणजे करायला हवं, थोडक्यात आपलं ‘कशाला उगाच त्रास घेतलात’.

वेटरला हाक मारायला, गर्दीतून वाट मागायलाही म्‌गॉयच. डिमसम खाताना कोणी कपात चहा ओतला आणि तोंडात घास असेल तर टेबलावर दोन बोटं टकटकवा, चालतं. कोणी म्‌गॉय म्हटलं तर उत्तर म्‌साय, म्हणजे ‘गरज नाही’.

आणि लाल मिनीबसमध्ये उतरायचं असेल तर ‘याउ लॉक, म्‌गॉय!’ (उतरायचंय, प्लीज) मोठ्याने ओरडा, लाजून पुटपुटलात तर ड्रायव्हरला ऐकू जात नाही आणि पुढे कुठेतरी उतरून चालत मागे यावं लागतं.