विंडोजवर युनिक्सची साधनं वापरताना ओळीच्या शेवटाकडे लक्ष द्या, या चुका टाळा

मुंबईत ‘सीआर’ म्हटलं की मध्य रेल्वे. इथला सीआर वेगळा: कॅरेज रिटर्न, आस्की या अक्षरसंकेतातला क्रमांक १३. विंडोजवरचे बरेच प्रोग्रॅम ओळ संपवताना सीआर आणि त्यामागे एलएफ, म्हणजे लाइन फीड, क्रमांक १०, असे दोन बाइट लिहितात. युनिक्सला एकटा एलएफ पुरतो. उरलेला सीआर त्याच्या लेखी ओळीतलंच एक अक्षर असतो, फक्त दिसत नाही.

स्क्रिप्ट समोर आहे, तरी ‘नो सच फाइल’

अंधेरीच्या ऑफिसात विंडोज लॅपटॉपवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची फाइल, युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्स सर्व्हरवर टाकून चालवली की हा निरोप येतो. मग लोक परवानग्या तपासतात, पाथ तपासतात, आणि अर्धा तास जातो. स्क्रिप्ट सापडलेली असते. सापडत नाही तो इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, कारण पहिल्या ओळीतलं नाव ‘बॅश’ नसून ‘बॅश आणि सीआर’ झालेलं असतं. लांब कमांड तोडायला ओळीच्या शेवटी दिलेला बॅकस्लॅशही असाच फसतो: त्याच्यामागे एलएफ हवा, तिथे सीआर बसलेला असतो. सेटिंगच्या फाइलमधून पासवर्ड वाचत असाल, तर त्याच्याही शेपटाला सीआर लागतो आणि बरोबर पासवर्ड चुकीचा ठरतो.

डेटा गुपचूप चुकतो

स्क्रिप्ट निदान ओरडते तरी, सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल, तेवढंही करत नाही. एक्सेलमधून काढलेल्या यादीत शेवटचा रकाना पिन कोडचा आहे असं धरा. लिनक्सवर ग्रेप या शोधाच्या कमांडने ‘४०००२८ वर संपणाऱ्या ओळी’ शोधल्या, तर दादर पश्चिमेचे शंभर पत्ते असूनही उत्तर शून्य, कारण ओळ ८ वर संपतच नाही. पिनच्या पुढे काही जोडून छापलंत, तर ते ओळीच्या सुरुवातीला जाऊन आधीच्या मजकुरावर चढतं. टेलिप्रिंटरच्या काळापासून सीआरचं काम तेच आहे: ओळीच्या आरंभी परत या.

एक्सेलचा ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ पर्याय फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची, एन्कोडिंग ओळखायची न दिसणारी बीओएम खूणही टाकतो. त्यामुळे पहिल्या रकान्याचं शीर्षक जुळत नाही. मराठी मजकुरासाठी हाच पर्याय लागतो, म्हणून हे आपल्याकडे जास्त घडतं.

न बघता दुरुस्ती नको

आधी ‘फाइल’ ही कमांड चालवा. उत्तरात ‘सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स’ असेल, तर निदान झालं. ‘कॅट’ला मोठ्या ए चा पर्याय दिला की सीआर हा कॅरेट-एम असा दिसतो, पण त्याच पर्यायाने देवनागरी अक्षरांचाही ‘एम-’ वाला कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, घाबरू नका. विम या एडिटरमध्ये सगळ्या ओळी सीआरएलएफ असतील तर कॅरेट-एम दिसतच नाही. दिसला तर फाइलमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेत असं समजा.

बदलायला ‘डॉस-टू-युनिक्स’ हा प्रोग्रॅम सगळ्यात बरा. तो बायनरी, म्हणजे मजकूर नसलेल्या, फाइल आपणहून वगळतो आणि बीओएमही काढतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये खाली उजवीकडच्या ‘सीआरएलएफ’वर क्लिक करून ‘एलएफ’ निवडा आणि सेव्ह करा. ‘टीआर’ या अक्षरं बदलणाऱ्या कमांडने सीआर काढताना मात्र निकाल त्याच फाइलकडे वळवू नका. कमांड वाचायला लागण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करतो.

‘सेड’ ही मजकूर बदलायची कमांड अख्ख्या फोल्डरवर सोडणं ही त्याहून महाग चूक, कारण त्यात चित्रंही सापडतात. पीएनजी चित्राच्या पहिल्या आठ बाइटमध्ये सीआरएलएफची जोडी मुद्दाम ठेवलेली आहे, असा बदल झाला की लगेच कळावं म्हणून. त्यातला सीआर गेला की चित्र उघडणार नाही.

मूळ बहुतेकदा गिटमध्ये

विंडोजवर गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) बसवताना नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलात, तर ‘ऑटोसीआरएलएफ’ चालू राहतं: कमिटमध्ये (नोंदवलेल्या आवृत्तीत) एलएफ, पण चेकआउट केलेल्या (फोल्डरमध्ये उतरवलेल्या) फाइलमध्ये सीआरएलएफ. तीच फाइल डब्ल्यूएसएल किंवा डॉकरमध्ये, म्हणजे विंडोजवरच चालणाऱ्या लिनक्समध्ये, वापरली की पुन्हा पहिला निरोप. प्रत्येकाच्या मशीनवरचं सेटिंग बदलत बसू नका. रिपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या प्रकल्पसाठ्यात, ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइल ठेवा, सर्वांसाठी ‘टेक्स्ट’ला ‘ऑटो’ द्या आणि शेल स्क्रिप्टसाठी ‘ईओएल’ला ‘एलएफ’ द्या. मग ‘गिट अ‍ॅड’ला ‘रीनॉर्मलाइझ’ पर्याय देऊन कमिट करा. इथेच बरेच जण थांबतात. तुमच्या फोल्डरमधल्या प्रती अजून जुन्याच असतात. त्या स्क्रिप्ट पुसून पुन्हा चेकआउट करा.

त्याच फाइलमध्ये बॅच फाइलींना (विंडोजच्या कमांड स्क्रिप्टना) ‘सीआरएलएफ’ द्यायला विसरू नका. नुसत्या एलएफवर विंडोजच्या ‘सीएमडी’ला कधीकधी ‘गोटू’ने जिथे उडी मारायची ती लेबलं सापडत नाहीत.

आणि विंडोजच्या पॉवरशेल ५.१ मध्ये बाणाच्या खुणेने निकाल फाइलमध्ये वळवलात, तर ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. तिथे सीआर काढून काही होणार नाही. आधी एन्कोडिंग यूटीएफ-८ करा.