उंदरांचे औषध टाकण्याआधी बिळे लिंपा

गव्हात, उसात दिसेल त्या बिळात औषध टाकले की बरेचसे रिकाम्या बिळांत वाया जाते.

1. संध्याकाळी बांधावरची झाडून सगळी बिळे चिखलाने लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील, तीच वापरातली. शेजारी काटकी रोवा.

2. दोन-तीन दिवस त्यांत नुसता ज्वारीचा भरडा तेल चोळून ठेवा. ही पायरी गाळूच नका. पहिल्याच दिवशी विष दिले तर उंदीर थोडेसे चाखतो, त्रास झाला की सोडतो आणि पुढे कित्येक दिवस त्या आमिषाला तोंड लावत नाही.

3. मग 96 ग्रॅम भरड्याला आधी 2 ग्रॅम तेल चोळा, म्हणजे विषाची भुकटी चिकटते. नंतर 2 ग्रॅम झिंक फॉस्फाईड (हेच ते उंदरांचे विष) काठीने कालवा. दर बिळाला 10 ग्रॅमची पुडी आत सरकवून तोंड पाल्याने झाका.

बांधापलीकडच्या शेतकऱ्यालाही याच दिवसांत करायला सांगा, नाहीतर त्याच्याकडचे उंदीर इकडे येतात.

आमिष उघड्यावर, हातमोज्यांनी आणि कोरडेच कालवा, कारण ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. कुत्री-मांजरांच्या तोंडी जाता कामा नयेत.