दोन महायुद्धं, अमेरिका आणि माझे वीसपैकी नऊ

एम.ए.च्या दुसऱ्या सेमिस्टरला ट्युटोरियलचा विषय आला: दोन महायुद्धांचा अमेरिकन समाजावरील परिणाम, तुलना करा. मी पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे पहिलं युद्ध, उजवीकडे दुसरं. स्त्रिया, कृष्णवर्णीय, अर्थव्यवस्था असे खण पाडले आणि गाइडमधून भरून टाकले. वही परत आली तेव्हा रेघेशेजारी लाल पेनाने लिहिलं होतं, "यात तुलना कुठाय?" वीसपैकी नऊ.

तेव्हा रागच आला. पण सरांचं बरोबर होतं. रकाने पाडले की युद्धं जणू दोन वेगळ्या देशांत झाली असं वाटतं. खरं तर १९१८ ते १९४१, मध्ये गेली अवघी तेवीस वर्षं. पहिल्या युद्धानंतर काय फसलं हे पाहिलेली माणसंच दुसऱ्या वेळी निर्णय घेत होती.

म्हणून पुढच्या खेपेला मी एकच धागा धरला: घरी परतलेला सैनिक. पहिल्या युद्धातल्या सैनिकांना १९२४च्या कायद्याने बोनस मंजूर झाला. देशातल्या सेवेला दिवसाला एक डॉलर, परदेशातल्या सेवेला सव्वा. पण बहुतेकांच्या हातात रोकड नाही, प्रमाणपत्र पडलं, आणि ते वटणार १९४५ साली! मंदी आली तेव्हा त्या कागदाने घर चालेना. १९३२च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बोनस आत्ताच द्या म्हणत वॉशिंग्टनला येऊन बसले, कित्येक जण बायकापोरांसह. अॅनाकोस्टिया नदीकाठी भंगारातून झोपड्या उभ्या राहिल्या. २८ जुलैला लष्करप्रमुख जनरल मॅकआर्थरच्या फौजेने अश्रुधूर सोडून त्यांना हुसकावलं. झोपड्या जळाल्या.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा आणि मग २२ जून १९४४ला या. युद्ध चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी जी.आय. बिलावर, म्हणजे परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्यावर, सही केली: कॉलेजची फी, घरासाठी कर्जाची हमी, बेकारी भत्ता. १९४७मध्ये अमेरिकन कॉलेजांतले जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते.

इथेच थांबू नका, मी थांबलो होतो. त्याच १९४७ साली मिसिसिपीतल्या शहरांच्या एका पाहणीत या योजनेच्या हमीवरची ३,२२९ कर्जं मोजली गेली. त्यातली कृष्णवर्णीयांना मिळालेली दोन. दोन टक्के नव्हे, दोन.

स्त्रियांचा धागा सोपा वाटतो म्हणून निम्मा वर्ग तोच घेतो, तपासणाराही कंटाळतो. त्यापेक्षा संशयाचा धागा घ्या. १९१७ नंतर जर्मन वंशाच्या लोकांवर इतकी खप्पामर्जी की सावरक्राउट या आंबवलेल्या कोबीच्या जर्मन पदार्थालासुद्धा 'लिबर्टी कॅबेज' म्हणायचं. १९४२मध्ये तर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना थेट छावण्यांत टाकलं, त्यातले दोनतृतीयांश अमेरिकन नागरिक. जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत. गाइड बाजूला ठेवून तिथे एक दुपार घालवा.

माझ्या पेपरात शेवटी पंजाबातून अमेरिकेत गेलेले भगतसिंग थिंद आले. पहिल्या युद्धात ते अमेरिकन सैन्यात होते, तरी १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 'गोरे' मानलं नाही, म्हणून नागरिकत्व नाकारलं. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मी चमकलोच. थिंदना नागरिकत्व मिळालं १९३६ साली, तेही पहिल्या युद्धातल्या सैनिकांसाठी केलेल्या कायद्यामुळे. बाकीच्या भारतीयांसाठी ते दार उघडायला १९४६ उजाडलं. नव्याने येणाऱ्यांचा कोटा ठरला वर्षाला १००.