शुगरसाठी कामाची वेळ बदलून मागताना

दुपारी साडेबाराला माझी शुगर ५१ पर्यंत उतरली, तेव्हा माझ्या हातात नमुन्याची बाटली होती आणि लेबलवरचा आकडा तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नव्हता. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. त्या दिवशी चुकीचा आकडा नोंदवला गेला असता, तर अख्खा लॉट तसाच पुढे गेला असता. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने माझा चेहरा पाहिला आणि ग्लुकोजच्या गोळ्या हातात ठेवल्या.

संध्याकाळी घरी जाताना ठरवलं, आता वेळ बदलून मागायची. दुसऱ्या दिवशी जिन्यात सुपरवायझर भेटले. म्हटलं, "सर, तब्येत जरा बरी नसते, शिफ्टचं काही बघता येईल का?" ते म्हणाले, "बघू." ते 'बघू' पुढे चार महिने चाललं. आज वाटतं, त्यांनी तरी काय करायचं होतं? कोणती वेळ, किती दिवस, कशासाठी, यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं. तब्येतीचं गाऱ्हाणं ऐकून माणूस फार तर काळजी व्यक्त करतो. वेळ मागायची तर घड्याळातली वेळच मागावी लागते.

म्हणून सुरुवात वहीपासून करा. मी तीन आठवडे रोज लिहिलं : इन्सुलिन कधी घेतलं, जेवायची ठरलेली वेळ कोणती, प्रत्यक्ष कधी जेवले, शुगर किती आली आणि तेव्हा हातात काय काम होतं. ठरलेली वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ शेजारी शेजारी लिहा, खरी गोष्ट तिथेच सापडते. आमची जेवणाची सुट्टी कागदावर साडेबाराची. मी जेवत होते सव्वा ते पावणेदोनच्या दरम्यान, कारण नेमके त्याच वेळी लाइनवरून नमुने यायचे. २१ दिवसांत माझी शुगर ८ वेळा ७० च्या खाली, म्हणजे हवी त्यापेक्षा कमी गेली. त्यातल्या ५ वेळा दिवसाच्या शिफ्टमध्ये, बारा ते पावणेदोनच्या मध्ये. उरलेल्या तीन नाइटच्या आठवड्यात.

यामागचं कारण स्वतःला नीट समजलेलं असावं, म्हणजे दुसऱ्याला दोन वाक्यांत सांगता येतं. मी सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन घेते. त्यातला लवकर काम करणारा भाग नाश्त्यासाठी असतो. संथ भागाचा जोर साधारण चार तासांनी वाढायला लागतो आणि पुढे काही तास टिकतो. सकाळी सहाला घेतलेलं इन्सुलिन दुपारी बाराला जोरात काम करत असतं. तेव्हा पोटात जेवण गेलं नाही, तर साखर उतरणारच. एकदा आत गेलेला डोस काही थांबवता येत नाही. नाइटचा त्रास वेगळा. रात्री शरीर साखर तितकी नीट हाताळत नाही, झोप दिवसा, जेवण भलत्या वेळी, आणि घडी बसते न बसते तोच शिफ्ट बदलते.

तुमचं औषध वेगळं असेल तर तुमची मागणीही वेगळी असेल. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर एवढी खाली जाणं विरळाच. त्याला कदाचित जेवणानंतर चालायला दहा मिनिटं हवी असतील, किंवा तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना मात्र जेवण लांबलं की माझ्यासारखाच धोका असतो. दुसऱ्या कुणाचा अर्ज जसाच्या तसा उतरवू नका.

त्या चार महिन्यांत मी एक चूक केली. कामावर शुगर उतरू नये म्हणून सकाळचा डोस मनानेच कमी करायला लागले. दुपारी हात थरथरणं थांबलं आणि मला वाटलं, जमलं. पुढच्या तपासणीत एचबीए१सी ७.४ वरून ८.९ वर गेलेलं निघालं. ही चाचणी आधीच्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगते, तिच्यापुढे काही लपत नाही. कामाची वेळ सांभाळायला डोस कापू नका, कळकळीने सांगते. वेळ मागण्यात लाज कसली? शुगर वाढलेली राहून बिघडलेले डोळे आणि किडन्या पुन्हा मागून मिळत नाहीत.

मग डॉक्टरांकडे वही घेऊन जा आणि आधी हे विचारा की इन्सुलिनचा प्रकार किंवा वेळ बदलून प्रश्न सुटेल का. वरिष्ठ हा प्रश्न विचारणारच, आणि तो रास्त आहे. माझ्या डॉक्टरांनी डोस थोडा बदलला, पण दुपारचं जेवण वेळेवर हवंच, असंही सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी पत्रात लिहिलं होतं, 'मधुमेह आहे, विश्रांतीची गरज आहे.' या पत्राचा मला उपयोग नव्हता, कारण मला विश्रांती नकोच होती. मी विनंती करून दुसरं लिहून घेतलं. त्यात तीनच गोष्टी होत्या : इन्सुलिन चालू आहे, दुपारचं जेवण अर्ध्या तासाहून जास्त लांबल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि रात्रपाळी सहा महिने टाळावी, मग फेरविचार करावा. रिपोर्टचे आकडे, बाकीची औषधं, घरातल्या आजारांचा इतिहास यातलं काही जोडू नका. कामाच्या ठिकाणी तुमच्या आजाराची गरजेपुरतीच माहिती जाऊ द्या.

मागणी लिहिण्याआधी मनाशी दोन रकाने करा : याशिवाय चालणारच नाही ते, आणि मिळालं तर बरं ते. पहिल्यात माझ्याकडे जेवणाची न हलणारी वेळ आणि नाइट बंद, एवढंच होतं. अर्धा तास उशिरा कामावर येणं दुसऱ्या रकान्यात होतं, ते मी बोलणीत सोडून दिलं. काहीतरी सोडायला हाताशी असलं की समोरच्यालाही हो म्हणणं सोपं जातं.

माझा अर्ज असा होता :

'मला मधुमेह असून मी इन्सुलिन घेते. सकाळच्या डोसमुळे दुपारी १२ ते १२.३० या वेळेत माझं जेवण होणं आवश्यक आहे. गेल्या तीन आठवड्यांत जेवण लांबल्यामुळे पाच वेळा कामाच्या वेळेत माझी साखर उतरली. तरी माझी जेवणाची सुट्टी १२ वाजता निश्चित करावी आणि पुढील सहा महिने मला रात्रपाळी देऊ नये, ही विनंती. त्या अर्ध्या तासात येणारे नमुने शेजारच्या टेबलावरील सहकारी घेतील व त्यांच्या सुट्टीत त्यांचे नमुने मी घेईन. याबाबत त्यांच्याशी बोलणं झालं आहे. ही व्यवस्था आठ आठवडे करून पाहावी व त्यानंतर आपण एकत्र आढावा घ्यावा. डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे.'

सहकाऱ्यांबद्दलचं ते वाक्य लिहिण्याआधी त्यांच्याशी खरोखर बोला. माझी नाइट दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जाणार होती, आणि ती गोष्ट त्यांना परस्पर कळली असती तर मला तोंड दाखवता आलं नसतं. बदल्यात मी रविवारच्या दिवसपाळ्या घेतल्या.

भेटीची वेळ मागून घ्या, चालता चालता बोलू नका. मी सुपरवायझरांकडे वीस मिनिटं मागितली आणि वहीचं एक पान त्यांच्यापुढे ठेवलं. ते म्हणाले, "आज तुम्हाला दिलं, तर उद्या सगळेच मागतील." मी म्हटलं, "सर, सुट्टी तेवढीच आहे, तीस मिनिटांची. ती फक्त हलू नये, एवढंच मागतेय." मग हिशोब सांगितला. शुगर उतरली की पंधरा ग्रॅम साखर घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, आणि त्यानंतरही डोकं ताळ्यावर यायला वेळ लागतो. माझी दर वेळी चाळीस मिनिटं तरी जात होती. पाच वेळा म्हणजे तीन तास वीस मिनिटं, तीन आठवड्यांत. त्या पानाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

सुरक्षेचा मुद्दा मात्र जपून काढा. 'माझ्या हातून अपघात होईल' असं म्हटलं, तर वेळ बदलण्याऐवजी कामच बदललं जाऊ शकतं. मी म्हटलं, "वेळेवर जेवले की मी इतरांइतकंच बिनचूक काम करते," आणि जेवण वेळेवर झालेल्या दिवसांच्या नोंदी दाखवल्या. पण गाडी किंवा अवजड मशीन चालवत असाल, शुगर उतरल्याचं आधी जाणवतच नसेल, तर तिथे लपवाछपवी नको. ते आधी डॉक्टरांशी बोला.

होकार तोंडी मिळाला तर त्याच दिवशी मेल करा : 'आज ठरल्याप्रमाणे सोमवारपासून माझी सुट्टी १२ वाजता असेल.' नकार मिळाला तर कारण लेखी मागा आणि विचारा, यातलं काय शक्य आहे? नंतर एचआर, मग युनियन असेल तर युनियन. मधुमेह असणाऱ्याला कामावर सोय मिळण्याबाबतचे कायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत, तेव्हा आपल्याकडचा नियम जाणकाराकडून समजून घेऊनच त्याचं नाव काढा.

वेळ मिळाली म्हणून बाकीची तयारी सोडू नका. ग्लुकोज टेबलाच्या खणात ठेवा, कुलपात नको. शेजारच्या दोघांना सांगून ठेवा : मी शुद्धीवर असेन आणि गिळू शकत असेन तर साखर द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

आठ आठवड्यांनी मी पुन्हा वही नेली. दिवसपाळीत शुगर एकदाच उतरली होती, ६६. व्यवस्था कायम झाली. पुढे सुपरवायझर बदलले आणि पहिल्याच आठवड्यात माझं नाव नाइटच्या यादीत आलं. नव्या माणसाला काही माहीतच नव्हतं. तेव्हापासून कुणीही नवीन आलं, की पहिल्या दिवशीच जुना मेल आणि डॉक्टरांचं ताजं पत्र त्यांना पाठवते.