अ‍ॅक्युपंक्चरच्या वाहिन्या रेखाटताना या चुका टाळा

जुन्या चिनी चित्रांवरून वाहिन्यांचा, म्हणजे सुई टोचायचे बिंदू जोडणाऱ्या अंगावरच्या मानलेल्या वाटांचा, तक्ता काढताना पुन्हा पुन्हा होणारी चूक म्हणजे आधी रेघ ओढायची आणि मग बिंदू तिच्यावर कसेबसे बसवायचे.

जठरवाहिनीवर हे हमखास दिसतं. छातीवर ती मध्यरेषेपासून ४ त्सुनांवर (त्सुन हे अंगावरच मोजायचं चिनी माप), स्तनाग्रातून उतरते. पाचव्या बरगडीखालच्या रूगन बिंदूनंतर ती आत वळते आणि पोटावर २ त्सुनांवरून जाते. हे वळण डोळ्यांना खटकतं, म्हणून उतावळे नवशिके ते सरळ करून टाकतात. अशा एका तक्त्यात बेंबीशेजारचा थ्येनशू ४ त्सुनांवर गेला होता. ती जागा प्लीहावाहिनीच्या दाहंगची! एकाच टिंबाला दोन नावं आली, तेव्हा दुरुस्ती म्हणून दाहंगलाच कुशीवर ढकललं. सुबक रेघेपायी दोन वाहिन्या बिघडल्या. पेन्सिलीनं टिंबं मांडून, प्रत्येकाचं नाव लिहून झाल्याशिवाय शाईला हात लावू नये.

त्सुन सेंटिमीटरच्या पट्टीनं मोजत नाहीत. ते चित्रातल्या माणसाच्या अंगावरूनच काढायचं. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत १२ त्सुन. तेवढी कागदी पट्टी कापा, आधी तीन सारखे भाग करा, मग दोनदा दुमडा. मनगटापासून पट्टीच्या दुसऱ्या दुमडीवर नेइग्वान बिंदू येतो. हीच पट्टी पोटावर फिरवली की सगळं फसतं: बेंबीपासून जघनास्थीच्या वरच्या कडेपर्यंत ५ त्सुन, तिथे वेगळी पट्टी लागते. पाच मिनिटांचं काम आहे, तरी लोक टाळतात.

बृहदांत्रवाहिनी वरच्या ओठावरच्या खळीपाशी बाजू बदलते. डाव्या हाताची उजव्या नाकपुडीशेजारी संपते. ही फुली बऱ्याच नकलांतून गळते.

समोरून काढलेल्या चित्रात माणसाचा डावा हात तुमच्या उजवीकडे असतो.

लाल-निळे रंग नकोत, बघणारा त्यांना रोहिणी-नीला समजतो. सातव्या शतकात चिनी वैद्य सुन सिमियाओनं समोरची, पाठीची आणि कडेची अशी तीन चित्रं सांगितली. त्यांत १२ वाहिन्या पाच रंगांत, आठ विशेष वाहिन्या हिरव्या. त्या आठांपैकी रेन (पुढच्या मध्यरेषेवरची) आणि दू (पाठीच्या मध्यरेषेवरची) यांनाच स्वतःचे बिंदू आहेत, म्हणून वैद्य हुआ शोउनं १३४१ मध्ये त्या धरून १४ वाहिन्या मांडल्या. उरलेल्या सहांसाठी नवी टिंबं काढू नका. इतर वाहिन्यांच्या टिंबांतूनच त्यांची रेघ न्या.