गोव्याहून थेट परदेशी विमानसेवा मागताना: निवेदनाची तयारी कशी करावी

लंडन, कुवेत किंवा अन्य कोणत्या शहरासाठी गोव्याहून थेट विमान हवे, अशी निवेदने आपल्याकडे वरचेवर दिली जातात आणि त्यांत प्रवाशांच्या गैरसोयीचे वर्णन असते. ते खरेच असते. परंतु विमान कंपनीचा मार्ग-नियोजन विभाग गैरसोय मोजत नाही, तो भरणाऱ्या आसनांचा अंदाज बांधतो. नेमकी इथेच गोव्याची बाजू लंगडी पडते. उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबईला आणि तिथून वेगळ्या तिकिटावर लंडनला गेलेला माणूस गोव्याच्या हिशेबात देशांतर्गत प्रवासी ठरतो आणि आंतरराष्ट्रीय हिशेबात मुंबईचा. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाची शहरनिहाय आकडेवारी जरूर पाहावी, पण ज्या मार्गावर थेट विमान नाही, त्या मार्गाची मागणी तिच्यात दिसणारच नाही. म्हणून निवेदनाचा मसुदा लिहायला बसण्यापूर्वी आपली माणसे आपणच मोजली पाहिजेत.

मोजणीसाठी चवथीइतका, म्हणजे गणेशोत्सवाइतका, चांगला काळ नाही. परदेशातले कुटुंबीय त्या दिवसांत घरी असतात आणि वाड्यावर एकमेकांच्या घरी जाणे-येणे चालूच असते. एका पानाचा साधा तक्ता पुरेसा आहे: तालुका, परदेशातले गाव, प्रवासाचा महिना, किती जण, कोणत्या मार्गे, घरापासून घरापर्यंत लागलेले तास आणि भरलेले भाडे. भरलेली ओळ अशी दिसावी: ‘पेडणे, स्विंडन, ऑगस्ट, 3 जण, मुंबईमार्गे, 22 तास’ आणि पुढे भाडे. पासपोर्ट क्रमांक मागू नये. त्याची गरज नसते आणि लोक बिचकतात. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ले आणि बेळगावच्या प्रवाशांची नोंद वेगळ्या रकान्यात अवश्य करावी, कारण मोपा राज्याच्या सीमेलगत असल्याने हे प्रवासीही आपल्याच विमानात बसणारे आहेत.

या तक्त्यातला सर्वांत मोलाचा रकाना महिन्याचा आहे. गोव्यात 1980च्या दशकापासून चार्टर विमाने, म्हणजे पर्यटन कंपन्यांनी भाड्याने घेतलेली विमाने, येत आहेत आणि ती पर्यटनाच्या हंगामात, म्हणजे मुख्यतः ऑक्टोबरनंतर येतात. त्यामुळे पावसाळ्यात गोव्याचे विमान रिकामे जाईल ही भीती कंपन्यांच्या मनात घट्ट बसली आहे. चवथीला येणारी, ब्रिटनमधल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत मुलांना आजोळी आणणारी, आई-वडिलांच्या आजारपणात धावत येणारी कुटुंबे हंगाम पाहत नाहीत. हे जून ते सप्टेंबरच्या आकड्यांनी दाखवून देता आले, तर निवेदनाचे निम्मे काम झाले असे मी मानतो.

आकड्यांसोबत एक-दोन प्रवासांचे तपशीलवार वर्णन जोडावे, पण तेही वेळेच्या नोंदींसह. माझ्या बहात्तर वर्षांच्या मावशीने मुंबईत टर्मिनल एकवर उतरून सामान परत घेतले, कोकमे आणि खाजे भरलेला खोका पावसात टॅक्सीत चढवला, टर्मिनल दोनवर पुन्हा रांग लावली आणि पुढच्या विमानासाठी सात तास खुर्चीवर बसून काढले. हे मी लिहून दिले तेव्हा बैठकीतल्या अधिकाऱ्याने तेवढाच परिच्छेद दोनदा वाचला.

त्यानंतर साधा गुणाकार करून पाहावा. एअर इंडियाच्या 256 आसनांच्या ड्रीमलायनर या मोठ्या विमानाच्या आठवड्याला तीन फेऱ्या धरल्या, तर जाऊन-येऊन 1,536 आसने होतात. वर्षभर 80 टक्के आसने भरायची असतील, तर सुमारे 64,000 एकेरी प्रवास हवेत. आपली मोजणी याच्या आसपास जात नसेल, तर तीनऐवजी एक किंवा दोन फेऱ्या मागाव्यात. आखाती शहरांसाठी तर 180 ते 186 आसनांचे लहान विमान पुरते आणि तिथे हे गणित पुष्कळ सोपे होते. मागणी नेमकी ठेवण्याचे कारण अनुभवातून आलेले आहे. एअर इंडियाची मोपा ते लंडन गॅटविक सेवा जुलै 2023मध्ये सुरू झाली होती. जून 2025मध्ये, अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर वाढवलेल्या तपासण्या आणि हवाई क्षेत्रांवरील निर्बंधांमुळे कंपनीने मोठ्या विमानांची आंतरराष्ट्रीय उड्डाणे कमी केली, तेव्हा ती स्थगित झाली. विमाने कमी पडू लागली की कात्री लागणाऱ्या मार्गांत आपला मार्ग येऊ नये, यासाठी तो बाराही महिने भरतो हे कागदावर असले पाहिजे.

निवेदन कोणाला द्यायचे, यात बहुतेक समित्या चुकतात. भारतीय कंपनी हवी असेल, तर प्रश्न प्रामुख्याने विमानांच्या उपलब्धतेचा असतो आणि पत्र कंपनीकडे गेले पाहिजे. परदेशी कंपनी हवी असेल, तर दोन देशांतल्या हवाई सेवा करारात आपले शहर ‘पॉइंट ऑफ कॉल’ म्हणून, म्हणजे त्या देशाच्या कंपन्यांना सेवा देण्याची मुभा असलेले ठिकाण म्हणून, आहे का आणि आसनांचा कोटा शिल्लक आहे का, हे आधी पाहावे लागते. तो विषय दिल्लीतल्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचा आहे. केरळमधला कन्नूर विमानतळ डिसेंबर 2018मध्ये सुरू झाला, तरी हा दर्जा न मिळाल्याने परदेशी कंपन्यांची नियमित सेवा मिळवण्यासाठी तिथल्या लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. आपल्या लोकसभेतल्या दोन आणि राज्यसभेतल्या एका खासदारांकडे सहानुभूतीचे भाषण मागण्यापेक्षा, अमुक देशाशी असलेल्या करारात गोव्याचे स्थान काय, एवढा नेमका लेखी प्रश्न विचारण्याची विनंती करावी. राज्य सरकारकडे मागायची गोष्ट वेगळी आहे: केंद्राच्या आंतरराष्ट्रीय हवाई संपर्क योजनेत राज्याने निवडलेल्या मार्गाला सुरुवातीच्या काळात तोट्याची भरपाई देता येते. ग्रामसभांचे ठराव या पत्राला जोडावेत. त्यांचा उपयोग विमान कंपनीपेक्षा इथेच अधिक होतो.

दाबोळी की मोपा, हा वाद निवेदनात आणू नये. दाबोळी हा नौदलाच्या आयएनएस हंसा तळावरचा विमानतळ असल्याने नागरी उड्डाणांच्या वेळांवर तिथे बंधने येतात, तर मोपा सासष्टी आणि काणकोणच्या लोकांना दूर पडतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण दोन गटांची दोन परस्परविरोधी पत्रे गेली की दोन्ही पत्रे बाजूला ठेवायला निमित्त मिळते. सरकारकडे जाणाऱ्या निवेदनात ‘गोवा’ एवढेच लिहावे आणि आकड्यांची प्रत दोन्ही विमानतळांच्या व्यवस्थापनांना स्वतंत्रपणे द्यावी. वेर्ण्याच्या औषध उद्योगांकडून हवाई मालवाहतुकीच्या गरजेचे पत्र मिळाले, तर तेही जोडावे; प्रवासी विमानाच्या पोटातला माल कंपनीच्या उत्पन्नात भर घालतो.

शेवटी वेळापत्रक. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते, परंतु गॅटविकसारख्या गजबजलेल्या विमानतळांवरील स्लॉटचे, म्हणजे विमान उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळांचे, अर्ज त्याआधी पाच-सहा महिने जातात आणि कंपन्यांचे नियोजन त्याहूनही आधी चालते. चवथीत मोजणी केली, तर तिचा उपयोग पुढच्या वर्षीच्या हिवाळी वेळापत्रकासाठी धरावा, तक्ते दिवाळीपूर्वी संगणकात भरून घ्यावेत आणि नाताळला घरी आलेल्यांची भर घालून जानेवारीत फाइल कंपनीच्या मार्ग-नियोजन विभागाच्या हाती द्यावी.